आवक-जावक

अकरा वर्षं मी आवक-जावक सांभाळली,
हर्णैच्या बंदर कचेरीत, खिडकीपासून तिसरं टेबल.
आलेल्या कागदावर तारीख, गेलेल्या कागदावर तारीख.
मधल्या काळात कागदाचं काय झालं
ते माझ्या रकान्यात येत नव्हतं.
(इथे भरती-ओहोटीची उपमा सुचते.
सुचते म्हणूनच देत नाही.)

राजीनामाही मीच नोंदवला.
आवक क्रमांक चारशे बारा. प्रेषक : स्वतः.
खोतसाहेबांनी चष्मा कपाळावर चढवून विचारलं,
"लग्न? बदली? आजार?"
म्हटलं, लिहिणार आहे.
"मग इथे काय करत होतीस?"

तसं खरंच होतं.
'उपरोक्त विषयाच्या अनुषंगाने कळविण्यात येते की'
हे हातात इतकं मुरलेलं
की भावाला राखीसोबतची चिठ्ठीसुद्धा
सविनय सादर केली होती.

पहिलं काम कोकम सरबताच्या लेबलाचं. चाळीस शब्द.
"आईच्या हातची चव, हे पाहिजेच," दळीकाका म्हणाले.
विचारलं, तुमच्या आई करायच्या का सरबत?
ते बाटलीकडे बघत राहिले. बराच वेळ.
"आई चहा करायची फक्त. पण तू लिही."
लिहिलं नाही.
पैसे निम्मे मिळाले.

मग होडीच्या इंजिनाचं माहितीपत्रक, मराठी करायला.
एका सुट्या भागाच्या नावावर तीन दिवस अडले.
शेवटी जेटीवर जाऊन रज्जाकला चित्र दाखवलं,
ह्याला काय म्हणता तुम्ही?
"ह्याला? ह्याला शिव्या घालतो."

जून-जुलै मासेमारी बंद.
होड्या ताडपत्रीखाली, मीही जवळजवळ तशीच.
पुण्याच्या मासिकाचं मानधन 'प्रक्रियेत आहे'.
हा शब्द मी ओळखते.
कुठल्या तरी खिडकीपासून तिसऱ्या टेबलावर
कुणी तरी चहा गार व्हायची वाट बघत बसलंय.
शाप द्यावा तर तो आपल्यालाच लागायचा.
आई रोज विचारायची नाही,
एक दिवसाआड विचारायची.

ऑगस्टात लिलाव परत सुरू झाला,
तेव्हा जैतूनबी आली. पदराला ओले हात पुसत.
नवऱ्याची होडी वादळात फुटलेली, भरपाई चार वर्षं अडलेली.
"अर्ज लिवून दे. आधीचा कुठं गेला कुणास ठाऊक."
पिशवीतून तिनं पोचपावती काढली.
निळा शिक्का. खाली एक तिरकी सही.
सही माझी होती.

ती वाचत नाही. मी सांगितलं नाही.
(नंतर सांगितलं. ते या कवितेत नको.)

लिहायला बसले : उपरोक्त विषयाच्या...
खोडलं. म्हटलं, तू सांग.
ती सांगत गेली.
होडीला नावाच्या जागी धाकटीच्या हाताचा ठसा होता, रंगात बुडवून उठवलेला.
फुटल्यावरही तो तीन रात्री त्याच फळ्यांवर झोपायला गेला.
चौथ्या दिवशी दुसऱ्याच्या होडीवर खलाशी झाला
आणि घरी आल्यावर समुद्राबद्दल बोलेनासा झाला.
सगळं घेतलं. नियम, कलम, दिनांक शेवटी, एका ओळीत.
तिला वाचून दाखवलं.

"एवढं वाचतील ते?"
माहीत नाही, म्हटलं.
एवढं खरं उत्तर मी त्या खुर्चीत कधी दिलं नव्हतं.

"किती झाले?" माझा दर शब्दावर आहे हे गावभर झालंय.
दोनशे सहा.
तिनं टोपलीतून चार बांगडे ठेवले,
माझ्याकडे एकदा बघितलं, पाचवा ठेवला,
आणि उतरली पायऱ्या.

रात्री जुन्या सवयीनं वही आखली.
आवक : बांगडे पाच.
जावक : शब्द दोनशे सहा.
मध्ये एक रकाना जास्तीचा पडलाय, पट्टी सरकली असेल.
खोडावा की काय लिहावं त्यात, ठरत नाही.
तिखलं उकळतंय. उठते.